विहिरीची दुपार

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझ्याआधी कुणी बारावीच्या वर्गातसुद्धा बसलं नव्हतं. हे मी जिथं तिथं सांगते, आणि कुणाला ते मिरवणं वाटत असेल तर वाटू दे. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, नांदेड. आता नांदेडलाच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवते. माझं गाव चाकूर तालुक्यात. तिथं माझ्या नोकरीला 'वायरीचं काम' म्हणतात. माय शेजारणींना सांगते, "पोरगी नांदेडात वायरी शिकवती." शेजारणी माना डोलवतात. पगार किती, एवढं मात्र हळूच विचारून घेतात.

त्या वर्षी शिवरात्र झाली आणि बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. एरवी ते फोनवर दोनच गोष्टी विचारतात, जेवलीस का आणि कधी येतीस. त्या दिवशी म्हणाले, "बाई, तुझ्या त्या वायरीनं विहीर मोजता येती का?"

"मोजता येती म्हणजे?"

"सकाळी पाणी किती होतं, उपसलं किती, परत आलं किती. मी हात न लावता कळाय पाहिजे. आन तात्याला पटाय पाहिजे."

तात्या हे बापूंचे थोरले भाऊ. आजोबा गेल्यावर दोघांचं वावर वाटलं, मधे बांध पडला, चुली वेगळ्या झाल्या. विहीर काही कापून वाटता येत नाही, म्हणून ती तेवढी सामाईक राहिली. एक दिवस तात्यांची पाळी, एक दिवस बापूंची. आदल्या साली विहिरीवर सौर पंप बसला होता. तेव्हापासून लाईटची वाट बघायचं सुटलं, पण पाळी होती तशीच राहिली.

या पाळीचे दोन कायदे होते. कुणी लिहिलेले नव्हते, पण मोडतही कुणी नव्हतं. पहिला हा, की आपली पाळी नसंल त्या दिवशी विहिरीकडं फिरकायचं नाही. गेलं की समोरचा म्हणणार, राखण करायला आला. दुसरा कायदा आजोबांचा. विहीर उपसून झाली, तळ दिसला, की तिला दम खाऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्याशिवाय पुन्हा पाण्याला हात लावायचा नाही. हे बापू आम्हाला लहानपणी असं सांगायचे, जसं देवाला पाय लावू नये म्हणून सांगतात.

त्या साली दोघांनीही उन्हाळी भुईमूग टाकला होता. ऊन चढलं तसं पाणी पुरेना. तात्यांच्या मनात बसलं की बापूंच्या पाळीला विहीर भरलेली असते आणि आपल्या पाळीला उणी. मनात ठेवलं असतं तर चाललं असतं. ते पारावर चार माणसांत म्हणाले, "माझ्या भावाची पाळी आली की विहिरीला पान्हा फुटतोय." लोक हसले. बापू घरी येऊन न जेवता निजले.

त्याहून मोठी गोष्ट पुढं होती. तात्यांनी बोअरच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, पाडवा झाला की ये. बोअरची जागा बांधाला लागून, विहिरीवरून हाक मारली तर ओ यावी इतकी जवळ. बापूंचं म्हणणं, बोअर खाली गेला की विहिरीचं पाणी त्यात उतरणार. शिवेवरच्या एका विहिरीचं तसं झालेलं आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. तिच्या तळात आता बाभळी उभ्या आहेत. आमची विहीर गेली असती, तर त्या दोन भावांत सामाईक म्हणावं असं काहीच उरलं नसतं. बोलणं तर तसंही बंद व्हायच्या बेतात होतं.

बापूंना बोअर थांबवायची आशा नव्हती. त्यांना एवढंच पाहिजे होतं, की आपण चोर नाही हे कळावं.

प्रयोगशाळेत जुन्या प्रकल्पातला एक सेन्सर पडून होता. पाण्यात सोडला की वरच्या पाण्याचा दाब तो सांगतो. पाणी जेवढं उंच, तेवढा दाब जास्त. तो तळाशी सोडायचा, त्याची वायर वर आणायची आणि मायक्रोकंट्रोलरला जोडायची. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढी काळी चिप. तिला मन लावून करायला एकच काम सांगायचं. दर दहा मिनिटांनी उठ, घड्याळ बघ, दाब बघ, मेमरी कार्डावर एक ओळ लिही, परत झोप. वाद घालत नाही, पाळी कुणाची विचारत नाही. कार्ड मी बापूंच्या जुन्या बटणाच्या मोबाईलमधलं घेतलं, तो दुरुस्तीसाठी माझ्याकडंच पडून होता. त्यात चाकूरच्या दुकानदारानं भरून दिलेली भजनं आणि गाणी होती. ती आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवली. तरी फोनवर बापूंनी विचारलंच, "माझी गाणी खाल्ली का त्यानं?"

पहिल्यांदा मी आकडे चिपच्या पोटात ज्या रूपात असतात, त्याच रूपात कार्डावर टाकले. जागा कमी लागते, काम लवकर होतं. बादलीत सेन्सर सोडला, थोडं पाणी ओतलं, थोडं काढलं, कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि फाईल उघडली. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, कुठल्या मुलखातली कुणास ठाऊक अशी अक्षरं. माझी खोलीतली सोबतीण किनवटकडची, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती मागून वाकून बघत होती.

"हे कोणाला वाचायला लिहून राहिली तू? भुताला?"

"यातून आकडे काढायचा दुसरा प्रोग्रॅम लिहिणार आहे."

"आन तो तुझ्या तात्याच्या डोक्यात बसवणार? बाई, तात्यानं वाचायचं असेल तर तात्याला वाचता येईल असंच लिही ना."

तिचं बरोबर होतं. मी प्रोग्रॅम बदलला. साधी अक्षरं, साधे आकडे. वेळ, मग स्वल्पविराम, मग पाण्याची उंची, आणि ओळ खलास. कुठल्याही मोबाईलवर उघडेल, चौथी शिकलेल्याला वाचता येईल. पुन्हा बादली भरली, पुन्हा कार्ड काढलं. या वेळी फाईल उघडली तर एकाखाली एक ओळी, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी असावीत तशा. मी पाणी ओतलं तिथं आकडा चढलेला. मी फोन घ्यायला बाहेर गेले होते, तिथं तो स्थिर. मी खोलीत नसताना बादलीचं काय चाललं होतं, ते नखाएवढ्या कार्डावर लिहिलेलं होतं. इतकी वर्षं हे शिकवते मी. तरी त्या दिवशी अंगावर काटा आला. बादली माझ्या डोळ्यांसमोरून हलली आणि तिच्या जागी आमची विहीर दिसायला लागली.

नांदेडच्या एका दुकानातून पाणी न शिरणारी डबी आणि मोबाईलला लावायचा कार्ड रीडर घेतला आणि शनिवारी गाव गाठलं. बापूंना वाटत होतं, गुपचूप सोडावं. मी म्हटलं, गुपचूप सोडलेल्या यंत्रावर तात्या विश्वास ठेवणार नाहीत. आधी त्यांच्याच घरी गेले.

तात्या बाजेवर बसले होते. चहा झाला, नांदेडच्या उन्हाची चौकशी झाली. मग मी विषय काढला.

"तात्या, विहिरीत एक यंत्र सोडायचंय. पाणी मोजायला."

"कुणाच्या बाजूनं?"

"विहिरीच्या बाजूनं."

"बोलायला चांगलं शिकवत्यात नांदेडात." त्यांनी बशी खाली ठेवली. "कशात मोजणार?"

"फुटात."

"फूट लाकडाला. विहीर परसात मोजत्यात."

आमच्याकडं विहिरीची खोली अशीच सांगतात. एक परस म्हणजे एक उभा माणूस. आमची विहीर सात परस. मी म्हटलं, "बरं, परसात लिहिते."

"कुणाचा परस? तुझ्या बापाचा धरलास तर पाणी फुकट वाढंल."

बापू तात्यांपेक्षा चांगले चार बोटं बुटके आहेत. मी पिशवीतून टेप काढला. "तुमचाच धरते. उठा, उभं ऱ्हावा."

तात्या खरंच उठले आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. "पटका धरून का काढून?"

आतून मोठी माय, म्हणजे माझी चुलती, म्हणाली, "पटका काढा. पटक्यात पाणी ऱ्हात न्हाई."

तर माझ्या त्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ अशी आहे, की जिच्यात पाण्याच्या उंचीला तात्यांनी भागलेलं आहे. नांदेडच्या कुठल्याही इंजिनिअरला ती दाखवायला मला लाज वाटत नाही. आकडा खरा असून भागत नाही. ज्याच्यासाठी आहे त्याच्या मापात असावा लागतो.

पहिली खेप वाया गेली. मी मोबाईलची पॉवर बँक लावली होती. पुढच्या शनिवारी कार्ड बघितलं तर सुरुवातीच्या दोन-तीन ओळी आणि पुढं कोरं. चिप इतका कमी करंट घेते, की पॉवर बँकेला वाटतं, कुणी जोडलेलंच नाही, आणि ती आपणहून बंद होते. तात्या बांधावरूनच म्हणाले, "तुझं यंत्रपण दम खातंय का?"

मी बापूंच्या फवारणीच्या पंपातली बॅटरी काढली आणि डबीला जोडली. ती असले नखरे करत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी बापूंची पाळी होती. पंप सकाळी चालू झाला आणि दुपारच्या आत विहिरीनं तळ दाखवला. बापूंनी मोटार बंद केली आणि खोरं खांद्यावर टाकून घराकडं गेले, आजोबांच्या कायद्याप्रमाणं. मी मागं राहिले. काठावरच्या लिंबाच्या सावलीत बसले, डबी उघडली, कार्ड काढून मोबाईलला लावलं.

आधी बापूंचा प्रश्न बघितला. रोज सकाळी पंप चालू व्हायच्या वेळची ओळ शोधली. एक दिवस तात्यांचा, एक दिवस बापूंचा, आणि सकाळचं पाणी सारखंच. दीड परसाला जरा कमी. कधी केसभर इकडं, कधी केसभर तिकडं. कुणी कुणाचं पाणी नेत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मोबाईल खिशात ठेवणारच होते.

मग वाटलं, मधल्या ओळीही बघाव्यात. कालच्या, तात्यांच्या पाळीच्या दिवसाच्या, तासातासाला एक.

12:20, 0.2

13:20, 0.6

14:20, 0.9

15:20, 1.1

मी वाचत गेले आणि वाचायची थांबले. परवाचा दिवस काढला. तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. विहीर रात्रीतून भरत नव्हती. ती दुपारी भरत होती. तळ दिसला की पाणी आत जणू धावत येत होतं, उन्हं कलेपर्यंत बहुतेक जागेवर चढत होतं, आणि मग जेवढी भरेल तेवढा तिचा वेग मंदावत जाऊन दिवेलागणीनंतर जवळजवळ उभंच. सगळी रात्र आकडा हलत नव्हता. पुस्तकात हे मी वाचलेलं आहे. विहीर भरलेली असली की तिच्यातलंच पाणी बाहेरच्या झऱ्यांना अडवून धरतं. रिकामी झाली की झरे मोकळे होतात. वाचलं होतं, पण ते पुस्तकातल्या विहिरीचं. आमच्या विहिरीचं आहे असं डोक्यात आलं नव्हतं.

आणि हे कुणीच कधी बघितलं नव्हतं. ज्याची पाळी, तो तळ दिसला की घरी जायचा. ज्याची नाही, तो फिरकायचा नाही. बापू आणि तात्या इथंच लहानाचे मोठे झाले, याच काठावरून उड्या मारून पोहायला शिकले, आणि त्यांनी आपल्या विहिरीची दुपार बघितली नव्हती. वर सौर पंपाच्या काचा रिकाम्या उन्हात तळपत होत्या आणि खाली अंधारात खडकाच्या चिरांमधून पाणी येत होतं. कुणासाठी, कुणाच्या पाळीला, याची त्याला खबर नव्हती. मी वाकून खाली बघितलं. एवढ्या खोलात बारीक आवाज चालू होता, मडकं पाझरतं तसा. माझे हात जोडले गेले. देवळातही माझे हात इतक्या लवकर जोडले जात नाहीत.

घरी जाऊन बापूंना दाखवलं. त्यांनी सकाळचे आकडे ऐकले आणि बाकीचं ऐकलंच नाही.

"म्हंजे मी चोर न्हाई."

"न्हाई बापू. पण दुसरं ऐका ना."

"हे आधी तात्याला सांग. दुसरं मग."

तात्यांच्या ओसरीवर गेले. त्यांनी चष्मा लावला आणि मोबाईल हातभर लांब धरला. सकाळच्या ओळींवरून बोट फिरवलं, ओठ हलवत आकडे वाचले. दोन्ही पाळ्या सारख्या आहेत हे त्यांना कळलं, कारण बोट पुन्हा वर नेऊन त्यांनी तेच आकडे परत वाचले. मग मी दुपारच्या ओळी पुढं केल्या.

"हे दुपारचं हाय?"

"हाव."

"माझ्या पाळीचं?"

"हाव तात्या. कालचं. तुमी घरी गेल्यावरचं."

"खोटं हाय. विहीर रातीतून भरती. आमचा बाप काय येडा होता?"

"मग चला बघायला. आत्ता."

"आज तुझ्या बापाची पाळी हाय. मी कसा येऊ?"

मी कितीही सांगितलं असतं तरी ते आले नसते. माझी पदवी त्या कायद्यापुढं चालत नव्हती. मी परत बापूंकडं गेले. त्यांनाही जाऊन बोलवणं सोपं नव्हतं. पारावरचं बोलणं अजून पोटात होतं. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "जावा की. त्यांनी एक बोल लावला, तुमी एक हाक मारा. फिटंल."

बापू तात्यांच्या दारापर्यंत गेले नाहीत. बांधावर उभे राहिले आणि तिथून हाक मारली, "तात्या, या विहिरीवर. पाळी माझी हाय. मी बोलवायलोय."

तात्या आले. काठी टेकत, कुणाकडं न बघता. दोघं काठावर बसले, मधे मला जागा ठेवून. सूर्य नुकताच माथ्यावरून सरला होता. आमच्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या आहेत. मी पाण्याच्या कडेची पायरी दाखवली आणि म्हटलं, हिच्यावर नजर ठेवा.

सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. तात्या म्हणाले, "मोबाईलवर बघण्यापेक्षा हे बरं, पण लई हळू हाय." बापूंनी चंची काढली. आधी स्वतः घ्यावं का पुढं करावं, यात जरा घुटमळले आणि मग पुढं केली. तात्यांनी पान घेतलं. भुईमुगाला शेंगांच्या आऱ्या धरल्यात का, हुमणीची अळी कुठं लागली, असं बोलणं निघालं. मी मधेच म्हटलं, "बघा."

पायरी नव्हती. तिच्या जागी पाणी होतं, आणि पाण्यात आकाशाचा तुकडा हलत होता.

मग दुसऱ्या पायरीची कड ओली झाली. तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. किती वेळ तसे बसलो ते मी मोजलं नाही. ते काम डबी करत होती. पाणी चढताना दिसत नाही. नजर दुसरीकडं जाऊन परत आली की ते चढलेलं असतं.

शेवटी तात्याच बोलले. "बापाच्या टायमाला मोट होती."

"व्हय," बापू म्हणाले.

"दोन बैलं. दुपारपर्यंत मोट ओढून त्यांच्या तोंडाला फेस यायचा. मग बाप म्हणायचा, सोडा, दम खाऊ द्या."

बापू त्यांच्याकडं बघायला लागले.

"दम बैलाला लागत होता," तात्या म्हणाले. "विहिरीला न्हाई. बैलं गेली, मोट गेली, आन आपण दम तेवढा धरून बसलो."

ते हसले. हसताना डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं. बापूही हसले, पण खाली बघून.

काचांवर अजून चांगलं ऊन होतं. बापू म्हणाले, "तात्या, मोटार चालू करा."

"पाळी तुझी हाय."

"माझी सकाळी झाली. हे दुपारचं हाय. दुपारची पाळी कुणाचीच न्हवती आजवर."

तात्या उठले. स्टार्टरपाशी जाऊन क्षणभर थांबले, जणू कुणी तरी ओरडेल. मग त्यांनी खटका दाबला. पाईपानं आधी हवा ओकली, मग पाणी. बापूंनी कॉक तात्यांच्या वावराकडं फिरवला.

तात्यांनी तिथंच उभं राहून बोअरवाल्याला फोन लावला. मोटारीच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "पाडव्याला नको येऊ... न्हाई, दुसऱ्या गाडीला न्हाई सांगितलं... पाणी? पाणी हाय. आमाला दिसलं न्हवतं." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "कसं म्हंजे? पोरीनं दाखवलं. पदवीधर हाय ती."

फोन ठेवून ते वाफ्यांत पाणी सोडायला खोऱ्याकडं वळले, तर खोरं बापूंच्या हातात होतं. पाणी पाटानं तात्यांच्या भुईमुगाकडं निघालं होतं.

"तुमी बसा सावलीत," बापू म्हणाले. "दारं मी धरतो."